सिंगापूरहून बसने मलेशियात: ठाण्याहून निघताना सीमेवरच्या चार खिडक्यांची तयारी

मुलगा किंवा मुलगी सिंगापूरला नोकरीला आहे, अशी घरं आता नौपाडा-पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि इकडे वाशी-नेरुळलाही सापडतात. आई-वडील महिनाभरासाठी तिकडे गेले की एखादा बेत ठरतोच. बसने मलाक्का करून येऊ, नाहीतर दोन दिवस क्वालालंपूर बघून येऊ. बेत उत्तम आहे. सिंगापूर ते क्वालालंपूर रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, मलाक्का त्याहून जवळ. रस्ता गुळगुळीत, बस आरामशीर, आणि विमानतळावर जाण्या-येण्यात जो अर्धा दिवस जातो तो वाचतो.

अडतं ते सवयीमुळे. आपण परदेशात जातो ते विमानाने, आणि विमान कंपनी आपल्याला हाताला धरून पुढे नेते. कागद अपुरा असेल तर मुंबईतच कळतं. बसचा ड्रायव्हर व्हिसा तपासत नाही. तो तुम्हाला सीमेच्या दारात सोडतो आणि पलीकडे जाऊन थांबतो.

म्हणून एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. बसने जाऊन परत येणं म्हणजे चार खिडक्या: सिंगापूरमधून बाहेर, मलेशियात आत, मलेशियातून बाहेर, सिंगापुरात पुन्हा आत. ही चौथी खिडकी म्हणजे सिंगापुरात नव्याने दाखल होणं. 'आम्ही परवाच इथून गेलो, सामान मुलाच्या घरी आहे' याला तिथे काही अर्थ नसतो. जाण्याची तयारी सगळेच करतात. परत येण्याचा कागद निघण्याआधी तपासलेला असला की निम्मं काम झालं.

सिंगापूरचा व्हिसा किती वेळा चालतो ते आधी बघा

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटांमार्फत काढावा लागतो, आणि ठाण्यातले बहुतेक टूरवाले त्यांच्याकडेच कागद पाठवतात. १४-ए नावाचा फॉर्म, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा अलीकडचा फोटो, तिकिटं, बँकेचं स्टेटमेंट. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे पैसे वेगळे. व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, तो ईमेलने कागद म्हणून येतो. त्याची प्रिंट काढायची.

आता या प्रिंटवर एक ओळ शोधा. 'सिंगल जर्नी' आहे की 'मल्टिपल जर्नी'? भारतीयांना बऱ्याचदा मल्टिपल मिळतो, पण गृहीत धरू नका. सिंगल असेल तर तुम्ही विमानाने सिंगापुरात उतरलात तेव्हाच तो वापरून झाला. बसने मलेशियात गेलात की परत सिंगापुरात यायला नवा व्हिसा लागेल, आणि मुंबईचं परतीचं विमान सिंगापूरहून असेल तर मोठीच पंचाईत. मलेशियाचा बेत असेल तर अर्जासोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा: अमुक तारखेला मलेशियात जाणार, तमुक तारखेला परत येणार. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी ही ओळ वाचा, बसचं बुकिंग त्यानंतर.

व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा दोन वर्षांचा असला तरी एका वेळी किती दिवस राहायचं ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो. सिंगापुरात आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. राहण्याची शेवटची तारीख ईमेलने येते, त्याला ई-पास म्हणतात. अर्जात एजंटने स्वतःचा ईमेल टाकला असेल तर निरोप त्याच्याकडे जाईल, म्हणून प्रत्येक फॉर्ममध्ये आपला किंवा मुलाचा ईमेल द्या. मलेशियाहून परतल्यावर नवा ई-पास येतो आणि त्यावरची तारीखच खरी. मात्र केवळ मुक्काम लांबवण्यासाठी बसने जाऊन येणं हा प्रकार अधिकाऱ्यांच्या लगेच लक्षात येतो आणि ते प्रवेश नाकारू शकतात. असा सल्ला कुणी दिला तर मानू नका.

मलेशियाचं काम सोपं आहे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतरचा प्रवास असेल तर तिकीट काढण्याआधी चौकशी करा. खिडकीवर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पुरेसे पैसे आहेत का हे विचारू शकतात, म्हणून त्यांच्या प्रिंट वरच्या कप्प्यात ठेवा.

पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक असायला हवा, आणि हे सहा महिने सहल संपते त्या तारखेपासून मोजा. कमी असेल तर नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरून वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळसाठी २,००० जादा. जुन्या पासपोर्टवर व्हिसा निघालेला असेल तर नवा पासपोर्ट काढल्यावर एजंटला विचारल्याशिवाय निघू नका. व्हिसा पासपोर्टच्या नंबराशी जोडलेला असतो.

दहावी न झालेल्या काही जणांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा उल्लेख असतो, म्हणजे ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, आणि त्या देशांत मलेशिया आहे. तो नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांचा. फिरायला जाणाऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही, फक्त परतीचं तिकीट हाताशी असू द्या.

परत सिंगापूरला यायलाच हवं का?

हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने यायला नको. मुंबईहून सिंगापूरला थेट विमान आहे, क्वालालंपूरहून मुंबईलाही थेट विमान आहे. सिंगापूरला उतरा, तिथलं फिरणं संपवा, बसने मलाक्का, तिथून क्वालालंपूर, आणि तिथूनच घरी. चारऐवजी दोनच खिडक्या, सिंगल व्हिसाही पुरतो, आणि त्याच रस्त्याने उलटं येण्यातला एक दिवस वाचतो. यात मुंबई विमानतळावर चेक-इनला विचारतील की सिंगापूरहून बाहेर कसे जाणार. तेव्हा बसचं तिकीट आणि क्वालालंपूर-मुंबई तिकीट एकत्र दाखवायचं.

मुलाच्या घरी मुक्काम असेल तर परतावं लागणारच. पुढचं सगळं त्यांना अधिक उपयोगी.

दोन ऑनलाइन फॉर्म, आणि ते कधी भरायचे

मलेशियासाठी 'मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड', म्हणजे एमडीएसी. सिंगापूरसाठी 'एसजी अरायव्हल कार्ड'. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी दिसायला अगदी सरकारी अशी संकेतस्थळं बरीच आहेत, शोधल्यावर कधी कधी तीच वर येतात. पैसे भरायचं पान आलं की बाहेर पडा.

दोन्ही फॉर्म पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येतात, आणि घोळ इथेच होतो. ठाण्यातून निघायच्या आदल्या रात्री बसून सगळे फॉर्म उरकून टाकावेत असं वाटतं, पण सिंगापुरात पाच दिवस राहून मलेशियात जाणार असाल तर मलेशियाचा फॉर्म ठाण्यातून भरताच येणार नाही. तो सिंगापुरात बसून भरायचा. शुक्रवारी जाऊन रविवारी परतणार असाल तर सिंगापूरचा परतीचा फॉर्म शुक्रवारी निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर भरून होतो. मलेशियात आठवडाभर राहणार असाल तर तो तिथूनच भरावा लागेल, म्हणून मोबाइलवर चालणारं नेट हवं किंवा हॉटेलमधून आदल्या दिवशी आठवणीने भरायला हवा. पहिल्यांदा विमानाने येताना भरलेला फॉर्म दुसऱ्या वेळी चालत नाही. प्रत्येक प्रवेशाला नवा.

फॉर्म प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचासुद्धा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. आपल्याकडे पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम'च्या ओळीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, ते गाळायचं नाही. बसच्या तिकिटावरही तेच नाव. प्रवासाचा प्रकार विचारतात तिथे 'जमीन' निवडा, कारण सवयीने विमान निवडलं की पुढे फ्लाइट नंबर मागत राहतो. मलेशियाच्या फॉर्ममध्ये वाहनाचा नंबर विचारतात. गाडीचा नंबर आधी कळलेला नसतो, तिथे बस कंपनीचं नाव लिहा. शेवटचं ठिकाण सिंगापूर. पत्ता हॉटेलचा, पिनकोडसह. भरून झाल्यावर आलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि घरातल्या दुसऱ्या एका फोनवरही पाठवून ठेवा.

कोणती बस

दोन जाती आहेत आणि त्यांची वागणूक वेगळी.

पहिली लांब पल्ल्याची कोच. बीच रोडवरच्या गोल्डन माइल टॉवरजवळून बऱ्याच सुटतात, काही हार्बरफ्रंटहून. क्वालालंपूरला पाच ते सहा तास धरा, सीमेवर गर्दी असेल तर जास्त. एका ओळीत दोन आणि एक अशा रुंद खुर्च्या असलेल्या गाड्या घ्या, वयस्कांना त्याचा फार फरक पडतो. बुकिंग ऑनलाइन होतं, आपल्या ओळखीचं रेडबसही तिथे चालतं. सिंगापूरहून जाताना भाडं डॉलरमध्ये, मलेशियाहून परतताना रिंगिटमध्ये. एका डॉलरला तीनच्या आसपास रिंगिट येतात आणि परतीचं भाडं साधारण स्वस्त पडतं, म्हणून दोन्ही तिकिटं एकदम काढायची घाई करू नका. अपवाद सणासुदीचा.

दुसरी शहर बस. क्वीन स्ट्रीटहून १७० नंबर, क्रांजीहून कॉजवे लिंक कंपनीची पिवळी सीडब्ल्यू-१, वुडलँड्सहून ९५०. या फक्त पलीकडच्या जोहोर बाहरूपर्यंत जातात. एका दिवसात जोहोर बघून यायचं, तिथलं काचेचं राजकालीअम्मन मंदिर बघायचं, तर याच बऱ्या. या बस कोणासाठी थांबत नाहीत. सीमेवर उतरलात की ती निघून जाते, खिडकीचं काम झाल्यावर त्याच कंपनीची मागून येणारी पुढची बस पकडायची. रोखीने काढलेलं कागदी तिकीट जपून ठेवायचं, कार्ड असेल तर उतरताना आणि चढताना लावायचं. प्रत्येकाकडे स्वतंत्र कार्ड हवं.

सामान जास्त, सोबत वडीलधारे किंवा लहान मूल असेल तर कोचच घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

दिवस आणि वेळ

सिंगापूर आणि जोहोर यांना जोडणारे रस्ते दोन. एक वुडलँड्सचा कॉजवे, १९२४ मध्ये खुला झालेला, जेमतेम एक किलोमीटरचा. दुसरा पश्चिमेला तुआसचा, १९९८ मध्ये खुला झाला. क्वालालंपूरच्या बऱ्याच कोच तुआसने जातात, तिथे गर्दी तुलनेने कमी.

कामाच्या दिवशी लोंढा कसा वाहतो ते लक्षात घ्या. जोहोरमध्ये राहून सिंगापुरात कामाला येणारे हजारो लोक पहाटेपासून सिंगापूरकडे येतात आणि संध्याकाळी उलटे जातात. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर जे असतं तेच वुडलँड्सला असतं, फक्त इथे प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेनऊ-दहाला सिंगापूरहून निघालं की आपण लोंढ्याच्या उलट जातो. परतीला कामाच्या दिवशीची दुपार चांगली.

शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ जाण्यासाठी टाळा, रविवार संध्याकाळ परतीसाठी. जोहोरची साप्ताहिक सुट्टीही २०२५ पासून शनिवार-रविवार झाली आहे, त्यामुळे दोन्हीकडची गर्दी एकाच दिवशी येते. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी विशेष सांभाळा: दीपावलीची सार्वजनिक सुट्टी सिंगापूर आणि मलेशिया दोन्हीकडे असते आणि ती शनिवार-रविवारला जोडून आली तर पुलावर तासन् तास जातात. चिनी नववर्ष आणि ईदचंही तसंच.

वुडलँड्स ते जोहोर अशी नवी रेल्वे बांधली जात आहे, २०२६ च्या अखेरीस सुरू करायचं ठरलेलं आहे. ती धावू लागली की जोहोरपुरतं जाणाऱ्यांचा हिशोब बदलेल. मलाक्का, क्वालालंपूरला तरीही बसच.

खिडकी पहिली: सिंगापूरमधून बाहेर

बसमध्ये बसण्यापूर्वी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. पुढचा फोटो गाडीच्या बाजूचा, रंग आणि कंपनीचं नाव दिसेल असा. खाली उतरल्यावर एकसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ गाड्या रांगेत उभ्या असतात. ड्रायव्हरला विचारून घ्या, तो किती वेळ थांबतो आणि पलीकडे कोणत्या बाजूला उभा राहतो. बहुतेक गाड्या वीस-तीस मिनिटं थांबतात.

चेकपॉइंटला सगळे उतरतात. सिंगापूरहून बाहेर जाताना मोठ्या बॅगा गाडीच्या पोटात राहू देतात, पण पासपोर्ट, पैसे, फोन आणि औषधं असलेली छोटी पिशवी अंगावरच हवी. खाली राहिलेली औषधांची पिशवी गाडीबरोबर निघून गेली तर पुढचे काही तास कठीण जातात.

पासपोर्टवरचं कव्हर आधीच काढून ठेवा. खिडकीपाशी ते काढायला सांगतात आणि घाईत आत खोचलेले कागद खाली पडतात. चष्मा, टोपी, मास्क उतरवा, तिथे चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं टिपतात. रांगेत फोटो आणि व्हिडिओ काढायला बंदी आहे, मागे राहिलेल्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल करण्याचा मोहही तिथे नको.

एक गोष्ट घरातल्या घरात ठरवून ठेवा. तिथे नोकरी करणारा मुलगा किंवा सून यांच्याकडे सिंगापूरचा पास असतो, ते स्वयंचलित फाटकातून झटकन पुढे जातात. आई-वडील खिडकीच्या रांगेत राहतात, आणि हिंदी-मराठीची सवय असलेली आई इंग्रजी प्रश्नाला एकटीच उभी असते. मुलाने पुढे जाऊ नये, सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहावं. ते शक्य नसेल तर भेटायची जागा ठरवा: खिडकीच्या पलीकडे, खाली उतरणाऱ्या सरकत्या जिन्याच्या अलीकडे. जिना उतरल्यावर भेटू म्हणाल तर चुकामूक ठरलेली. उत्तरं छोटी आणि खरी पुरतात. कुठे जाता, किती दिवस, कोणाकडे उतरला आहात.

खिडकी दुसरी: मलेशियात आत

वुडलँड्सचा पूल ओलांडला की जोहोर बाहरूची सुलतान इस्कंदर इमारत येते. इथे सगळं सामान गाडीतून काढून सोबत न्यायचं, मोठ्या बॅगाही. म्हणूनच एका माणसाला स्वतः उचलता येईल एवढीच बॅग भरा. तिथे हमाल मिळत नाही.

फलक मलय भाषेत आणि इंग्रजीत असतात. मलेशियन नागरिकांच्या रांगा वेगळ्या, आपण 'पासपोर्ट आसिंग' किंवा 'ऑल पासपोर्ट्स' लिहिलेल्या रांगेत. दोन्ही हातांच्या तर्जनींचे ठसे घेतात. उतारवयात बोटांवरच्या रेघा पुसट झालेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही आणि माणूस गोंधळतो. बसमध्येच हाताला थोडं क्रीम चोळून ठेवलं, बोट मशीनवर सपाट आणि सावकाश दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. अधिकारी पुन्हा करायला सांगतात, तेवढ्याने घाबरू नका.

मलेशियात शिक्का मारतात. खिडकीवरून हलण्यापूर्वी तो बघा: आजची तारीख आहे ना, दिवस बरोबर लिहिलेत ना. नंतर दुरुस्ती करून घेणं फार त्रासाचं.

त्यानंतर सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. आता पुढे मोठी चूक होऊ शकते. खिडकी सुटली की गर्दीचा मोठा लोंढा जेबी सेंट्रल स्टेशन आणि सिटी स्क्वेअर मॉलकडे चालू लागतो. ते सगळे जोहोरमध्येच थांबणारे. कोचने पुढे जाणाऱ्यांनी त्यांच्या मागे जायचं नाही. बसची खूण असलेल्या फलकाने खाली बसच्या फलाटाकडे उतरायचं आणि फोटोतली नंबरप्लेट शोधायची.

गाडी निघून गेली असेल तर आधी तिकिटावरच्या नंबरवर फोन करा. त्याच कंपनीच्या मागच्या गाडीत जागा असेल तर घेतात. नसेल तर शहर बसने लार्किनचं बसस्थानक गाठा. तिथून मलाक्का आणि क्वालालंपूरला दिवसभर गाड्या सुटत असतात. एक तिकीट वाया जाईल, सहल वाया जात नाही.

वाटेत

महामार्गावर एक थांबा होतो, खाणं आणि स्वच्छतागृहासाठी. 'तांडास' लिहिलेली पाटी म्हणजे शौचालय. थोडे सुटे रिंगिट आधीच जवळ ठेवा, तिथे डॉलर चालत नाहीत. शाकाहारी माणसाला थांब्यावर खात्रीचं मिळेलच असं नाही, दशम्या किंवा धपाटे आणि सुकी चटणी सोबत असली की चिंता नाही. गाडीतला एसी अंगावर येतो, शाल वर ठेवा. घड्याळ सीमेवर बदलावं लागत नाही, दोन्ही देश भारताच्या अडीच तास पुढे आहेत.

खिडकी तिसरी आणि चौथी: परतीची कस्टम

मलेशियातून बाहेर पडणं साधं. तिथे सामान बहुधा गाडीतच राहतं. सिंगापुरात आत येताना मात्र सगळं उतरवून यंत्रातून न्यावं लागतं, आणि सिंगापूरचे नियम कडक आहेत. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या पिशव्यांत निरागसपणे ठेवलेल्या वस्तू तिथे अडचणीच्या ठरतात.

खसखस. आपल्या स्वयंपाकघरात ती मसाल्याच्या डब्याशेजारी असते, पण सिंगापुरात अमली पदार्थांचं खातं ती परवानगीशिवाय आणू देत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीसाठी अनारसे केले होते, डबा बांधूनही झाला होता. अनारशावर थापलेली असते ती खसखसच. डबा उघडून अनारसे इथेच वाटले आणि त्यात शंकरपाळे भरून दिले. ठाण्यातून निघतानाच मसाले, लाडू, डिंकाचे पदार्थ यांतली खसखस आठवून बाजूला काढा.

तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री यांतलं काहीही नको, चघळायच्या तंबाखूवर सिंगापुरात बंदी आहे. ई-सिगारेटवरही. सिगारेटला एका कांडीचीही सूट नाही, सगळ्यावर कर भरावा लागतो. मलेशियाहून येताना दारूलाही करमाफी नाही. च्युइंग गम आणायला बंदी. खरेदीवरची सूट तुम्ही किती वेळ बाहेर होता यावर ठरते: ४८ तासांपेक्षा कमी असेल तर १०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या मालाला, ४८ तास किंवा जास्त असेल तर ५०० डॉलरपर्यंत. त्यावरचा माल असेल तर आधीच जाहीर करून कर भरा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना सिंगापूरच्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागू शकते, ती ऑनलाइन मागता येते. भारतातून निघण्यापूर्वीच हे मार्गी लावा, म्हणजे दोन्ही प्रवेशांना कागद तयार राहील.

आणि कुणाचंही पार्सल घेऊ नका. बसमधल्या गोड बोलणाऱ्या माणसाचं नाही, ओळखीतल्या ओळखीचंही नाही. दोन्ही देशांत अमली पदार्थांच्या तस्करीला फाशीपर्यंत शिक्षा आहे आणि बॅग तुमच्या हातात असेल तर ती तुमचीच मानली जाते.

खिडकीवर पासपोर्टसोबत व्हिसाची प्रिंट द्या, नवं अरायव्हल कार्ड भरल्याचं फोनवर तयार ठेवा. कधी बाजूच्या खोलीत बसवून चार प्रश्न जास्त विचारतात. अशा वेळी मुलाचा पत्ता, फोन नंबर आणि मुंबईचं परतीचं तिकीट दाखवायचं. कोच पुढे निघून गेली तरी हरकत नाही. सामान तुमच्याजवळच आहे आणि वुडलँड्सहून शहरात यायला शहर बस मिळते.

घरात दोन देशांचे पासपोर्ट असतील तर

नातवंडांचा पासपोर्ट अमेरिकेचा आणि आजी-आजोबांचा भारताचा, अशी घरं आता कमी नाहीत. अमेरिकन पासपोर्टवर फिरण्यासाठी सिंगापूर आणि मलेशिया दोन्हीकडे व्हिसा लागत नाही, पण दोन्ही अरायव्हल कार्डं त्यांनाही भरावीच लागतात. सिंगापूरचा नोकरीचा किंवा कायम रहिवासाचा पास असलेल्या मुलाला जमिनीवरून परतताना एसजी अरायव्हल कार्डातून सूट आहे, मात्र त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर मलेशियाचा एमडीएसी त्याला भरायचाच आहे. 'मी इथलाच' म्हणून हमखास राहून जातो तो त्याचाच फॉर्म.

पासपोर्ट मलेशियात हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग क्वालालंपूरच्या भारतीय उच्चायुक्तालयात. तिथून तात्पुरता कागद मिळतो, आणि देश सोडण्यापूर्वी मलेशियाच्या इमिग्रेशनचीही परवानगी घ्यावी लागते. सिंगापूरला परतायचं असेल तर जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालणार नाही, म्हणून अशा वेळी थेट क्वालालंपूरहून मुंबईला येणं सोयीचं. बऱ्याच कोच जिथे थांबतात त्या तेर्मिनल बेरसेपादू सेलातन स्थानकाला जोडूनच बंदार तासिक सेलातन रेल्वे स्टेशन आहे. तिथून केएलआयए ट्रान्झिट गाडी थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलला जाते. आपलं विमान कोणत्या टर्मिनलहून आहे ते तिकिटावर बघून त्या थांब्याला उतरायचं.